खुलासा : ब्रूस लीचा टेबल टेनिसचा तो व्हिडिओ खरा नाही

ब्रूस ली नानचाकूने (साखळीने जोडलेल्या दोन दांडक्यांच्या शस्त्राने) टेबल टेनिस खेळतोय, 'हे १९७० मधलं दुर्मीळ चित्रीकरण आहे' अशा मजकुरासह एक क्लिप पुन्हा ग्रुपवर फिरतेय. ती त्याची नाही. नोकियाच्या एन९६ फोनच्या खास आवृत्तीसाठी २००८ मध्ये चीनमध्ये केलेली ती जाहिरात आहे. ब्रूस ली जुलै १९७३ मध्येच गेला. क्लिपमध्ये त्याच्यासारखा दिसणारा कलाकार आहे, चेंडू नंतर संगणकावर घातलाय. चित्र मुद्दाम जुनाट केलंय, त्यामुळे कुणीही फसेल.

वाईट याचं वाटतं की यात त्याचं खरं काम झाकलं जातं. 'वे ऑफ द ड्रॅगन' (१९७२) या त्याच्या चित्रपटातली रोमच्या कलोसियममधली लढत बघा. कथा बेताची, विनोद ओढूनताणून आणलेले, ही टीका मला मान्य आहे. पण प्रतिस्पर्धी झालेल्या चक नॉरिस या अभिनेत्याचा मार खाल्ल्यावर तो पावलांची लयच बदलतो, नाचत नाचत अंतर राखतो. आणि जिंकल्यावर मेलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर त्याचाच सदरा नि काळा पट्टा ठेवतो. तिथे संगणक नव्हता.

कृपया ती क्लिप पुढे पाठवू नका. आधी पाठवली असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.