‘सेल्फ विसरा’ म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

‘पायथनमध्ये सेल्फ विसरा, सगळ्या मेथड क्लास मेथड करा, कोड फास्ट होतो आणि मेमरी वाचते’ असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. (पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा; क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्या साच्यातून बनलेली वस्तू, मेथड म्हणजे क्लासमधलं फंक्शन, आणि सेल्फ म्हणजे मेथडला मिळणारा तो ऑब्जेक्ट.) आता माझ्या भाच्याने तो वाचून त्याच्या क्विझच्या प्रोजेक्टमध्ये दिसेल त्या मेथडवर क्लासमेथड डेकोरेटर (साध्या मेथडची क्लास मेथड करणारी, वर लिहायची खूण) चिकटवलाय, म्हणून लिहायला बसलो.

पहिला मुद्दा म्हणे प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये सगळ्या मेथडची कॉपी जाते. साफ खोटं. मेथड एकदाच, क्लासमध्ये असते. स्वतः लिहिलेल्या साध्या क्लासचा ऑब्जेक्ट घ्या, त्याच्यावर, आत काय साठवलंय ते दाखवणारं व्हार्स फंक्शन चालवा, फक्त तुमचा डेटा दिसेल, मेथड एकही नाही. कॉल केला की पायथन ती क्लासमध्ये शोधतो आणि पहिलं आर्ग्युमेंट म्हणून ऑब्जेक्ट देतो, क्लास मेथडला ऑब्जेक्टऐवजी क्लास देतो, एवढाच फरक. मग मेमरी वाचली कुठे?

खरा घातक मुद्दा दुसरा: ‘डेटा क्लास व्हेरिएबलमध्ये ठेवा, ऑब्जेक्टची गरजच नाही.’ अहो, क्लास व्हेरिएबल क्लासमध्ये साठवलेलं असतं, आणि क्लास एकच असतो! भाच्याच्या खेळाडू क्लासमध्ये गुण हे क्लास व्हेरिएबल, आणि गुण वाढवणारी मेथड सीएलएस डॉट गुण (सीएलएस म्हणजे क्लास मेथडला मिळालेला क्लास) मध्ये भर घालते. पहिल्या खेळाडूला 10 दिले, दुसऱ्याला 5, आणि स्क्रीनवर दोघांचेही 15. एरर नाही, वॉर्निंग नाही, पोरगं आपलं बेरजेचं लॉजिक तपासत बसलं. हेच वेब अ‍ॅपमध्ये केलं तर प्रोसेस चालू असेपर्यंत क्लास तसाच राहतो, म्हणजे एका युजरची माहिती पुढच्या रिक्वेस्टला दुसऱ्याच युजरला दिसू शकते. टेस्टचंही तेच, आधीच्या टेस्टचा डेटा पुढच्या टेस्टमध्ये शिल्लक. असला सल्ला नवीन शिकणाऱ्यांना देताना जरा तरी विचार करा.

बरं, एक गोष्ट मान्य करतो. क्लास मेथड कामाची आहेच, ऑब्जेक्ट वेगळ्या पद्धतीने बनवायचा असेल तेव्हा तर हमखास. पायथनच्या तयार क्लासमध्येच बघा, डिक्टची फ्रॉमकीज, डेटटाइमची फ्रॉमटाइमस्टॅम्प, किंवा पायथन 3.7 पासून आलेली फ्रॉमआयसोफॉरमॅट, या सगळ्या क्लास मेथडच. पण या तर ऑब्जेक्ट बनवून देतात, आणि मेसेजवाला म्हणतोय ऑब्जेक्टच नको!

तिसरा मुद्दा, ‘क्लास मेथड आणि स्टॅटिक मेथड एकच.’ पायथनच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये क्लासमेथडच्या माहितीतच स्पष्ट लिहिलंय की ही सी प्लस प्लस किंवा जावाच्या स्टॅटिक मेथडपेक्षा वेगळी आहे, तसली हवी असेल तर स्टॅटिकमेथड बघा. सबक्लासवरून (एका क्लासवरून काढलेल्या दुसऱ्या क्लासवरून) कॉल केला तर सबक्लासच पास होतो हेही तिथेच आहे. म्हणजे खेळाडूवरून कॅप्टन हा सबक्लास काढला आणि फाइलमधल्या ओळीवरून ऑब्जेक्ट बनवणारी क्लास मेथड सीएलएस वापरून लिहिली असेल, तर कॅप्टनवरून कॉल केल्यावर कॅप्टनच मिळतो. स्टॅटिकमध्ये सीएलएस मिळतच नाही, खेळाडू हे नाव आत लिहून ठेवलं की कॅप्टनवरून कॉल करूनही साधा खेळाडूच हातात येतो.

आणि ऑब्जेक्टवरून क्लास मेथड कॉल केली तर एरर येते हा चौथा मुद्दा, तर येत नाही, दोन ओळींचा कोड चालवून बघा.