२२८ टाके, तीन शिट्ट्या

विणणाऱ्या बाईशी कोणीही, केव्हाही बोलावं असा आपल्याकडे एक अलिखित कायदा आहे. पोळ्या लाटणारीला हाक मारताना माणूस जरा दबकतो, कारण करपलेली पोळी त्याच्याच ताटात येणार असते. शिवणयंत्रावर बसलेलीला खडखडाटात निम्मं ऐकूच जात नाही, तिची आपसूक सुटका होते. विणकाम मात्र सोफ्यावर बसून, आवाज न करता, तोंड मोकळं ठेवून करायचा उद्योग. बघणाऱ्याला वाटतं, ही नुसती बसलीच आहे. मग तो विचारतो, "अगं, नेलकटर कुठंय?"

मी विणकामाचे नमुने तयार करते. म्हणजे स्वेटर, शाल, टोपी आधी कागदावर मांडायची, मग एक विणून बघायची आणि तिची कृती आकड्यांसकट लिहून इंटरनेटवर विकायची. विकत घेणारी मंडळी नॉर्वे, कॅनडा, स्कॉटलंड अशा थंड मुलखातली. मी राहते नागपुरात.

तिकडे सप्टेंबर लागला की लोक सुया बाहेर काढतात. म्हणजे ऑगस्टअखेर कृती तयार हवी, त्याआधी चार-सहा जणींनी ती विणून तपासलेली हवी, आणि त्याच्याही आधी माझा स्वेटर विणून व्हायला हवा. उलटं मोजत आलं की बोट बरोबर मे महिन्यावर येऊन थांबतं. पारा ४५ च्या पुढे, नवतपा तोंडावर, आणि माझ्या मांडीवर अर्धा किलो मेरिनो लोकर. बोटांना पावडर फासून विणते, नाहीतर घामाने लोकर सुईवरून सरकत नाही. कुलरसमोर बसावं तर आराखड्याचे कागद उडतात, कुलर बंद करावा तर अख्खं घर अंगावर येतं.

पण उकाड्याबद्दल माझी तक्रार नाही. उकाडा निदान काही विचारत तरी नाही.

लोकांना वाटतं विणकाम हे हाताचं काम. हात काय, सवयीने चालतात. टीव्ही बघतानाही चालतात. खरं काम मोजण्याचं. आधी नमुन्याचा एक तुकडा विणायचा, धुऊन वाळवायचा आणि दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते बघायचं. समजा २२ बसले, तर १०० सेंटिमीटर घेराच्या स्वेटरला २२० टाके. इथवर पाचवीतलं पोरगंही सांगेल. पण वर जाळीची नक्षी घालायची असते आणि ती बारा टाक्यांची. २२० ला १२ ने भाग जात नाही. २१६ करावेत तर घेर ९८ वर येतो, २२८ करावेत तर साडेतीन सेंटिमीटर जास्त. बरं, हे झालं एका मापाचं. अशी नऊ मापं, आणि प्रत्येकाचा मुंढा वेगळा, गळा वेगळा, बाही वेगळी. २१६ की २२८ या प्रश्नाला मी भिडलेली असते, उत्तर अगदी जिभेवर आलेलं असतं, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज येतो, "कुकरच्या किती झाल्या गं?"

कुकरच्या शिट्ट्या मोजणं हे आमच्याकडे माझं खातं आहे. ते मला कोणी दिलं हे आता कोणालाच आठवत नाही. वरणाच्या तीन, छोल्यांच्या सहा, बटाट्याच्या दोन. घरात चार माणसं, सगळ्यांचे कान शाबूत, तरी शिट्टी ऐकण्याचा अधिकार फक्त मला. मग डोक्यात दोन हिशेब शेजारी शेजारी चालतात आणि मधूनच रूळ बदलतात. नवऱ्याने विचारलं, "पोळ्या किती घेशील?" तर मी म्हणते, "चौसष्ट." दूधवाल्याला मी एकदा एकशे बारा लिटर सांगितलं होतं. भला माणूस आहे, रोजच्यासारखं दीड लिटर ओतून गेला. आमच्या चिरंजीवांनी तर याचा खेळच केला आहे. मी टाके पुटपुटू लागले की तो शेजारी येऊन बसतो आणि अगदी निरागसपणे सतराचा पाढा म्हणू लागतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाढे म्हणणाऱ्या मुलाला रागवायचं तरी कसं?

आणि याच घरात, याच दिवाणखान्यात, संध्याकाळी सासूबाई जपाला बसतात. हात गोमुखीत, १०८ मण्यांची माळ, ओठ हलताहेत. घर चिडीचूप. नवरा फोन घेऊन गच्चीवर जातो. टीव्हीचा आवाज आपोआप उतरतो. कोणाची छाती नाही त्यांना नेलकटर विचारायची. १०८ ला एवढा मान, आणि माझ्या सुईवर २२८ असले तरी मी मोकळी! नवऱ्याला म्हटलं, "आईंना नाही कधी मधेच हाक मारत."

"अगं, आई जप करते ना."

"मीही मोजतेच आहे."

"तू काय, विणतेस."

म्हणून मग मी एके दिवशी गोल सुईवरचं विणकाम कापडी पिशवीत घातलं, दोन्ही हात पिशवीत सारले, पाटावर बसले आणि ओठ हलवायला सुरुवात केली. काय सांगू महाराजा! तासभर कोणी फिरकलं नाही. मुंढ्यापर्यंत पोचले. सासूबाईंचा चेहरा उजळला. उशिरा का होईना, सूनबाईला सुबुद्धी सुचली. त्या हळूच जवळ येऊन बसल्या आणि कान देऊन ऐकू लागल्या. "दोन सुलट, एक जाळी, जोडी, दोन उलट." तेव्हापासून पिशवीचा उपाय बंद पडला आहे.

मोजणं चुकवणाऱ्या गोष्टींत पाहुण्यांचा क्रमांक फार वरचा. विणणाऱ्याचं मन सरळ हातात उतरतं. चित्त शांत असलं की टाका सैल पडतो, जीव कावला की घट्ट. आत्या मुक्कामाला आल्या की माझे दहा सेंटिमीटरमधले २२ टाके २४ होतात. २२० टाक्यांचा घेर मग १०० ऐवजी ९२ सुद्धा भरत नाही. माझ्या कपाटात एक निळा स्वेटर आहे, त्याची डावी बाही उजवीपेक्षा आखूड आहे. डावी बाही म्हणजे आत्यांचा आठवडा. नवऱ्याला हे दाखवलं तर तो म्हणाला, "तुझे हात मुळातच असमान असतील." त्याची आत्या ना शेवटी.

आत्यांचा आणखी एक ठाम समज असा, की मी दिवसभर विणतेच आहे तर नात्यातल्या प्रत्येक नव्या बाळाला माझ्याकडून एक स्वेटर जाण्यात कसली अडचण आहे? आमच्या नात्यात बाळं भरपूर होतात. त्यांना समजावते, की मी एकाच स्वेटरवर दोन महिने घालवते, त्यातला निम्मा वेळ उसवण्यात जातो, आणि उरतो तो परदेशी बायकांच्या पत्रांना उत्तरं देण्यात. त्या ऐकून घेतात आणि म्हणतात, "पिवळा कर, मुलगा-मुलगी दोघांनाही चालतो." प्रत्यक्षात आमच्या घरातल्या एकाही माणसाकडे मी विणलेला अख्खा स्वेटर नाही. घरात आहेत ते दहा-दहा सेंटिमीटरचे चौकोन. फोनखाली, रिमोटखाली, लोणच्याच्या बरणीखाली, सगळीकडे. एकदा सासूबाईंनी अॅक्रिलिकचा चौकोन घेऊन गरम कढई उचलली; तो वितळला आणि कढईला चिकटला. पुढच्या वेळी अस्सल मेरिनोचा घेतला, त्याला काही झालं नाही. खरी लोकर सहजासहजी पेट घेत नाही आणि वितळत तर नाहीच. हे मी त्यांना कितीदा सांगितलं होतं, पण शोध त्यांचा स्वतःचाच. "तुझी महागाची लोकर सांडशीपेक्षा बरी आहे गं," असं माझ्या कलेला मिळालेलं या घरातलं पहिलं प्रशस्तिपत्र.

दुसरं गच्चीवर मिळालं.

जाळीची शाल सुयांवरून उतरते तेव्हा पोतेऱ्यासारखी दिसते. ती कोमट पाण्यात भिजवायची, टॉवेलमध्ये गुंडाळून पिळायची आणि मापाला ताणून टाचण्यांनी पक्की करून वाळवायची. मग कुठे नक्षी उमलते. नॉर्वेतल्या बायका लिहितात, की याला दोन दिवस लागतात. आमच्याकडे तासाभरात शाल खडखडीत. अडचण एवढीच, की मे महिन्यात गच्ची माझी नसते. ती वाळवणाची. बाजेवर जुनं धोतर, धोतरावर कुरडया, पलीकडे पापड, कोपऱ्यात सरगुंडे. सकाळी सात वाजता मी ओली शाल, टेप आणि टाचण्यांची डबी घेऊन वर गेले, तर सासूबाई गव्हाच्या चिकाचा सोऱ्या हातात धरून उभ्या. बरीच बोलणी होऊन मला बाजेचा पायथा मिळाला. त्या कुरडया घालत होत्या, मी टाचण्या मारत होते. मधेच त्या थांबल्या. मी कडेच्या प्रत्येक टोकाला टेप लावून, दोन बोटांचं अंतर राखून टाचणी खोचत होते आणि नक्षीतली पानं एकेक करून उघडत होती. त्यांनी चष्मा वर सरकवला, वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे इकडचं पान तिरकं गेलं बघ." गेलं होतं. नातवाच्या हातात काठी देऊन त्यांनी बजावलं, "कावळ्यांना शालीवर पण बसू द्यायचं नाही." शेजारच्या काकूंना त्यांच्या गच्चीवरून काय दिसलं कोण जाणे. त्या ओरडल्या, "यंदा कुरडया जाळीदार झाल्या वं!"

फोटोंचं प्रकरण मी थोडक्यात उरकते, कारण नवरा अजून त्या विषयावर हळवा आहे. स्वेटर विकायचा तर तो माणसाच्या अंगात दिसावा लागतो, आणि पैसे घेऊन उभा राहणारा माणूस मला परवडत नाही. पहाटे साडेपाचला सेमिनरी हिल्सवर झाडाखाली नवऱ्याला राखाडी पुलओव्हर घालून उभं केलं. बजावलं, की चेहऱ्यावर थोडी थंडी आण. तो म्हणाला, कुठून आणू? फिरायला आलेले एक काका थबकले, त्यांनी त्याला खालून वर न्याहाळलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "मलेरिया आहे का हो?" नवऱ्याला गप्प ठेवायला मी इतिहास सांगत बसले. ही खांद्यावरून तिरकी येणारी बाही, हिला रॅग्लन म्हणतात. रॅग्लन हा क्रिमियाच्या युद्धातला इंग्रज सेनापती. कार्डिगन त्याच युद्धातला घोडदळाचा अधिकारी. आणि २५ ऑक्टोबर १८५४ ला ज्या बालाक्लावाला लढाई झाली, त्या गावाचं नाव मिळालेली टोपी म्हणजे आपली माकडटोपी. नवरा घाम पुसत म्हणाला, "त्या सगळ्यांना निदान थंडी तरी होती."

यंदा मी ठरवलं, की सासूबाईंचं टोपडं लिहून काढायचं. बाळंतविड्यातलं, सुलटावर सुलट विणलेलं, मागे चौकोन, हनुवटीखाली बंध आणि बंधाला गोंडे. हजारदा केलेलं त्यांनी. कागद-पेन्सिल घेऊन त्यांच्यासमोर बसले.

"आई, सुरुवातीला टाके किती?"

"सुई भरेल एवढे."

"कोणती सुई?"

"ती हिरवी."

हिरवी सुई मोजली, ३.२५ मिलिमीटर. आपल्याकडची १० नंबर. तीच अमेरिकेत ३ नंबर, कारण आपल्याकडे आकडा वाढला की सुई बारीक होते आणि त्यांच्याकडे जाड. त्यांची १० नंबर सहा मिलिमीटरची. आकड्यापुढे देश लिहायचा राहिला, तर टोपडं बाळाच्या बापाला बसेल.

"मग ओळी किती घालायच्या?"

"चार बोटं."

"आणि घटवायचं कुठून?"

"अगं, डोकं दिसायला लागतं की!"

"कोणाला?"

"विणणाराला." ही काय विचारते, असा चेहरा.

त्यांची चार बोटं टेपने मोजली, सात सेंटिमीटर. मोजू देताना त्यांनी हात ताठ धरला होता, रक्त तपासायला दिल्यासारखा. शेवटी विचारलं, "बाळाला बसेल की नाही, हे कसं कळायचं?" त्या उठल्या, देवघराजवळच्या टोपलीतला सोललेला नारळ आणला आणि टोपडं त्यावर चढवलं. जरा ताणून बसलं पाहिजे, गळून पडता कामा नये. माझ्या माहेरी असंच बघायचे, म्हणाल्या. मी गुपचूप नारळाला टेप गुंडाळला. ३५ सेंटिमीटर. नवजात बाळाचं डोकंही साधारण तेवढंच असतं. माझ्या मापांच्या तक्त्यात तोच आकडा आहे. वर्षाच्या बाळाचं ४६ असतं. तेवढ्या मापाला काय वापरायचे, विचारलं तर म्हणाल्या, "वर्षाचं पोर समोर असतंच की, त्याच्याच डोक्यावर बघायचं."

कृती लिहिली, आकडे घातले, आणि न राहवून खाली नारळाचाही उल्लेख केला. तपासणाऱ्या जणींना पाठवली. तिसऱ्या दिवशी नॉर्वेहून पत्र आलं. टोपडं छान झालं आहे, पण त्यांच्या गावच्या दुकानात लहानच नारळ मिळतो आणि त्यावर टोपडं ढगळ होतं, तर त्याचं माप नेमकं कसं धरायचं?

सासूबाई जपाला बसल्या होत्या. तरी मी विचारलं. त्यांनी माळ थांबवली, गोमुखीतून हात बाहेर काढला आणि म्हणाल्या, "मोठा बघून घे म्हणावं. शेंडी काढून मोज. आणि घेताना हलवून बघ, पाणी वाजलं पाहिजे."