गुडघ्यांच्या पसंतीची गाडी

आमची गाडी म्हातारी झाली, हे आम्हाला तिच्या वागण्यावरून नव्हे, तर गॅरेजवाल्याच्या भाषेवरून कळले. पूर्वी कोणतीही तक्रार घेऊन गेलो की तो "संध्याकाळी घेऊन जा" असे म्हणत असे. पुढे तो "पार्ट मागवावा लागेल" असे म्हणू लागला. आणि अलीकडे बॉनेट उघडून, आत बराच वेळ पाहून, "सध्या चालवा" एवढेच बोलून तो बॉनेट अलगद मिटू लागला. गाडी फार पळालेली नाही, हा माझा युक्तिवाद त्याने शांतपणे ऐकून घेतला आणि सांगितले, की रबराला किलोमीटर कळत नाहीत, वर्षे कळतात. होज पाइप, बुश, इंजिनाचे माउंटिंग हे सगळे गाडी नुसती उभी असली तरी कडक होत जाते, ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत राहते, आणि टायरच्या कडेवर तर जन्माचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत छापलेलेच असते. घरात बसून राहिल्याने वय वाढायचे थांबत नाही, हे कळण्यासाठी मला खरे तर गॅरेजात जाण्याची गरज नव्हती.

तेव्हा नवी गाडी घ्यावी, ती लहान असावी आणि भरवशाची असावी, एवढे आम्ही दोघांनी एकमताने ठरवले. लहान गाडी कोणती हे मोजपट्टी सांगते. भरवशाची कोणती हे सांगणे अवघड, कारण त्या प्रश्नातच एक खोच आहे. एखादे मॉडेल भरवशाचे आहे हे सिद्ध व्हायला ते हजारो लोकांनी आठ-दहा वर्षे चालवावे लागते, आणि तोवर कंपनीने त्याचे इंजिन, गिअरबॉक्स आणि कधी कधी नावसुद्धा बदललेले असते. म्हणजे जिच्याबद्दल खात्रीने बोलता येते ती गाडी दुकानात नसते, आणि जी दुकानात असते तिच्याबद्दल फक्त विक्रेताच खात्रीने बोलतो. पुतण्याने "काका, डोळे मिटून पाच तारे असलेली घ्या" असा सल्ला दिला. अपघातात गाडी आपल्याला कितपत सांभाळेल हे तारे सांगतात, आणि ते महत्त्वाचे आहेच. पण थंडीच्या सकाळी ती सुरू होईल की नाही, याबद्दल तारे मौन पाळतात.

म्हणून आम्ही निवडीचा अधिकार अशा परीक्षकांकडे सोपवला, ज्यांना जाहिराती वाचता येत नाहीत: माझे गुडघे, हिची कंबर आणि आम्हा दोघांची मान. शोरूममधला तरुण इंजिनाची ताकद सांगत असताना मी दार उघडून बसत होतो आणि उतरत होतो, पुन्हा बसत होतो आणि पुन्हा उतरत होतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर प्रथम कुतूहल, मग काळजी आणि शेवटी भूतदया उमटली. बसणे हा गुरुत्वाकर्षणाचा विषय आहे. उतरणे हा इच्छाशक्तीचा. बैठक कमरेच्या उंचीला असेल तर माणूस फक्त वळतो आणि बसतो. ती खाली असेल तर आधी आत कोसळावे लागते आणि नंतर छताचा काठ धरून वर उगवावे लागते. एका दिमाखदार, बुटक्या गाडीतून मी असा उगवत असताना त्या तरुणाने मदतीला हात पुढे केला, मग मला वाईट वाटेल म्हणून मागे घेतला, आणि तोच हात अलॉय व्हील्सकडे दाखवून वेळ मारून नेली. १९५९ साली ब्रिटिश अभियंते ॲलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवे बसवून जेमतेम तीन मीटर लांबीच्या 'मिनी' या मोटारीत चार माणसे बसवून दाखवली. लहान गाडीत माणसे आत कशी मावतात हा प्रश्न तेव्हाच सुटला. ती बाहेर कशी येतात, हा त्यांनी बहुधा पुढच्या पिढीवर सोपवला असावा.

त्यानंतर डोळ्यांची परीक्षा झाली. पूर्वी गार हवा कमी करायला एक गोल खटका असे आणि तो हाताला न पाहता सापडे. आता त्यासाठी मोठ्या पडद्यावर पंख्याचे चित्र शोधावे लागते. माझ्या चष्म्याच्या वरच्या भागातून रस्ता दिसतो आणि खालच्या भागातून वर्तमानपत्र, आणि तो पडदा नेमका या दोहोंच्या मधल्या अंतरावर, म्हणजे कोणत्याच काचेच्या अखत्यारीत न येणाऱ्या प्रदेशात बसवलेला असतो. हे गाऱ्हाणे केवळ म्हाताऱ्यांचे नाही, कारण युरोपात मोटारींना तारे देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ च्या नियमांत इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांना हाताला लागणारी खरीखुरी बटणे असण्याला महत्त्व दिले आहे. मागचे दाखवणाऱ्या कॅमेऱ्याला मात्र आमच्या मानांनी तत्काळ आणि पूर्ण गुण दिले.

खरी वादळी चर्चा गिअरबॉक्सवर झाली. क्लच दाबून डावा गुडघा थकल्यामुळे ऑटोमॅटिक घ्यायची हे ठरलेले होते. पण ऑटोमॅटिक हे एकाच यंत्राचे नाव नसून एका एकत्र कुटुंबाचे आहे. त्यातल्या एएमटीत क्लच आणि गिअर पूर्वीचेच असतात, फक्त ते चालवणारे हातपाय यंत्राचे असतात, त्यामुळे प्रत्येक गिअर पडताना गाडी क्षणभर थबकते आणि बसलेल्यांच्या माना पुढे-मागे होतात. त्या चाचणीफेरीत माझ्या प्रत्येक निर्णयावर ही मान डोलावत होती, असे दृश्य आमच्या संसारात पूर्वी कधी घडले नव्हते, आणि केवळ त्यासाठी ती गाडी घ्यावी असा मोह मला झाला. सीव्हीटीत गिअरच नसतात. दोन पुल्यांमधला पट्टा वरखाली सरकतो. डॅफ या डच कंपनीने १९५८ मध्येच रबरी पट्ट्यांवर अशी गाडी काढली होती. सीव्हीटीची गाडी अत्यंत सुरळीत चालते, फक्त जोरात दाबली की आधी इंजिन ओरडते आणि मग गाडी निघते. ही पद्धत आमच्या घरात आधीच रूढ आहे. दोन क्लचच्या गिअरबॉक्सचा चपळपणा डोळ्यांत भरला, पण कोरड्या क्लचचा प्रकार मुंगीच्या गतीने सरकणाऱ्या गर्दीत तापतो असे कळल्यावर आम्ही त्याला नमस्कार केला. उरला जुना टॉर्क कन्व्हर्टर: इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेल, निघताना घासला जाणारा क्लच नाही, पेट्रोल थोडे जास्त. मधे काहीतरी तेलकट असले की संबंध टिकतात, असे ही म्हणाली, आणि ठराव मंजूर झाला.

डिझेलचा प्रश्न लवकर मिटला. त्याच्या धुराड्यातली गाळणी काजळी साठवते आणि ती जाळायला गाडी बराच वेळ वेगात पळवावी लागते. आमची धाव औषधाच्या दुकानापर्यंत. विजेच्या गाडीत बिघडण्यासारखे भाग कमी, हे मला मनापासून पटले. परंतु आमच्या इमारतीत चार्जरची तार कोठून न्यावी यावर सभा सुरू आहे, आणि त्या सभेपेक्षा आपण जास्त जगू अशी खात्री आम्हाला वाटेना. स्टेपनीच्या जागी पंक्चर किट देणाऱ्या गाड्या हिने यादीतून काढून टाकल्या. चाक बदलणे आता मला जमणार नाही हे खरे. पण मदतीला थांबलेल्या माणसाच्या हातात काहीतरी द्यायला तर हवे!

शेवटी टर्बो नसलेल्या साध्या पेट्रोल इंजिनाची, उंच बैठकीची आणि बटणांची एक गाडी उरली. तो तरुण प्रामाणिक निघाला. "काका, हे मॉडेल आता बंद होतंय," तो हळू आवाजात म्हणाला, "थोडं थांबलात तर नवीन येतंय, मोठ्या स्क्रीनचं." त्याने हे आम्हाला परावृत्त करण्यासाठी सांगितले होते, पण आम्हाला त्याहून चांगली बातमी मिळाली नसती. इतकी वर्षे विकल्या गेलेल्या गाडीत जे दोष निघायचे ते इतरांच्या खर्चाने निघून गेलेले असतात, आणि आमचा गॅरेजवाला तिची नाडी ओळखतो. मग त्याने वाढीव वॉरंटीचा तक्ता पुढे ठेवून सर्वांत लांबच्या मुदतीवर बोट टेकवले. मी मनात एक बेरीज केली. हिनेही तीच केली असावी, कारण आम्ही एकाच वेळी एकमेकांकडे पाहिले.

"मधली द्या," ही म्हणाली.

रंग निवडायला मिळाला नाही. त्या मॉडेलची एकच गाडी शिल्लक होती आणि ती इतकी भडक नारिंगी होती, की तिच्यासमोर उभा राहून मी माझ्या वयाचा विचार करू लागलो. हिने मात्र तिला एक प्रदक्षिणा घातली आणि समाधानाने मान हलवली. "अहो, घ्या हीच," ती म्हणाली. "पार्किंगमध्ये तुम्हाला सापडेल तरी."