दोन्ही बाजूंत आम्ही कुठे होतो?

आज दुपारी पंचायतीच्या हॉलमध्ये कायदेविषयक शिबिर होतं. आमच्या शाळेतून आम्ही चौघी शिक्षिका गेलो होतो. एका वक्त्यांनी प्ली बार्गेनिंग समजावून सांगितलं. आरोपी गुन्हा कबूल करतो, शिक्षा कमी होते, खटला वर्षानुवर्षं रेंगाळत नाही आणि (हे त्यांनी दोनदा सांगितलं) "दोन्ही बाजूंचं समाधान होतं".

मी हात वर केला. विचारलं, दोन्ही बाजू म्हणजे कोण कोण? म्हणाले, सरकारी वकील आणि आरोपी. मग जरा थांबून, "आणि पीडितही, अर्थात. त्यालाही नोटीस जाते." मी विचारलं, ती नोटीस पोचली नाही तर? "ताई, तो तांत्रिक मुद्दा आहे, आपण नंतर बोलू." नंतर चहा आला आणि ते पुढच्या कार्यक्रमाला निघून गेले.

तांत्रिक मुद्दा! संध्याकाळपासून हा शब्द डोक्यातून जात नाहीये. भांडी घासताना हात थरथरत होते. म्हणून लिहायला बसले आहे. लांबणार आहे, वाचायचं तर वाचा.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे, माझा धाकटा भाऊ 2018 च्या चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या संध्याकाळी गेला. 29 वर्षांचा होता. म्हापशाच्या बाजारातून माटोळीचं (गणपतीच्या वर बांधतात त्या फळाफुलांच्या आराशीचं) सामान घेऊन स्कूटरने येत होता. समोरून ओव्हरटेक करत आलेल्या गाडीने उडवलं. पंचनाम्यात लिहिलंय, "एक कापडी पिशवी, त्यात रानफळे". ती रानफळं म्हणजे कांगलां, माट्टी आणि एक तोरिंगण. आईने बजावून सांगितलं होतं, या खेपेला तोरिंगण मोठं आण.

गाडी चालवणारा मुलगा बाहेरचा कोणी नव्हता. आमच्यापासून तीन गाव पलीकडचा, 23 वर्षांचा. आज कुणी "टुरिस्ट असणार" असं कमेंटमध्ये लिहील, म्हणून आधीच सांगते.

स्कूटर मुद्देमाल म्हणून पोलीस स्टेशनच्या आवारात गेली. अर्ज करून, हमीपत्र देऊन ती सोडवता आली असती. आई म्हणाली, ती गाडी माझ्या दारात नको. राहिली तिथेच. माझी शाळेची बस रोज त्या आवारासमोरून जाते. चार पावसाळे मी ती स्कूटर बसच्या खिडकीतून पाहिली. आधी सीट फाटली, मग टायर बसले, मग तिच्यावर वेल चढली. शेवटी शेवटी फक्त निळा आरसा तेवढा ओळखू यायचा. पण दिसायची. आणि मी मनाशी धरून बसले होते की स्कूटर आहे, म्हणजे केस आहे.

दर दोन-तीन महिन्यांनी मी चौकशीला जायचे. एकच उत्तर. "कोर्टात आहे. साक्षीला बोलावलं की नोटीस येईल. थोडी कळ काढा." मग कोरोना आला, कोर्टं बंद झाली, तेव्हा तर विचारायचीही सोय राहिली नाही. मी कळ काढली.

2022 मध्ये पावसाळा संपता संपता एक दिवस बस तिथून गेली आणि स्कूटर तिथे नव्हती. जमिनीवर काळा डाग आणि पिवळं पडलेलं गवत. मी पुढच्या स्टॉपवर उतरून मागे चालत आले. ड्यूटीवरच्या हवालदाराने रजिस्टर बघितलं आणि म्हणाला, "बाय, ती केस केन्नाच सोंपली. तुमकां नोटीस मेळूंक ना?"

वर्ष होऊन गेलं होतं केस संपून! वर्षभर मी त्या बसमधून एका संपलेल्या केसची स्कूटर बघत होते.

कोर्टातून निकालाची नक्कल काढली. इंग्रजीत. मला वाचता येते, आईला नाही. (गोव्याच्या 1987 च्या राजभाषा कायद्यात मराठीलाही जागा आहे, तिच्यासाठी आपण सगळे किती वर्षं भांडतो आहोत, पण तो विषय वेगळा, आज नको.) आरोपीने प्ली बार्गेनिंगचा अर्ज दिला होता. सरकारी वकिलांची हरकत नाही. तपास अधिकारी हजर. तडजोडीची बैठक झाली. कोर्ट उठेपर्यंत कैद (म्हणजे त्या दिवशीचं कामकाज संपेपर्यंत कोर्टातच थांबायचं) आणि दंड. भरपाईबद्दल एक ओळ, की क्लेम वेगळा चालू आहे. आणि पीडिताला नोटीस काढल्याची नोंद.

कुणाच्या नावाने काढली होती, सांगू? माझ्या भावाच्या. ज्याच्या मरणाचा तो खटला होता त्याच्या नावाने. शेरा होता, "दिलेल्या पत्त्यावर व्यक्ती आढळली नाही".

हे मी आज पहिल्यांदाच इथे लिहिते आहे. चार वर्षांत घरच्यांशिवाय फारसं कुणाशी बोलले नाही. कारण सांगायला गेलं की लोक कसंनुसं हसतात आणि म्हणतात, सरकारी काम. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

कायद्यात काय आहे तेही बघा. प्ली बार्गेनिंग आपल्याकडे 5 जुलै 2006 पासून आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेचे गुन्हे त्यात येतात. बायकांवरचे, लहान मुलांवरचे आणि देशाच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवर परिणाम करणारे गुन्हे त्यातून वगळले आहेत. हयगयीने मृत्यू, म्हणजे जुनं कलम 304 अ, त्याला जास्तीत जास्त दोन वर्षं, म्हणून ते बसतं. आणि त्याच कायद्यात स्पष्ट लिहिलंय की कोर्टाने सरकारी वकील, तपास अधिकारी, आरोपी आणि पीडित अशा सगळ्यांना बैठकीची नोटीस काढायची. पीडित या शब्दात त्याचे वारसही येतात, हे 2009 च्या दुरुस्तीपासून कायद्यात आहे. म्हणजे त्या खोलीत माझ्या आईची खुर्ची होती. कायद्याने ठेवलेली. ती रिकामी राहिली आणि ती का रिकामी आहे हे तिथल्या एकाही माणसाला विचारावंसं वाटलं नाही. चार्जशीटमध्ये आईचं नाव होतं, पत्ता होता, माझा मोबाइल नंबरसुद्धा होता. एक फोन! एवढंच लागत होतं.

असा निकाल लागला की त्यावर साधं अपीलही नाही. हायकोर्टात रिट घाला किंवा सर्वोच्च न्यायालयात विशेष परवानगी मागा. आमच्या वकिलांनी सांगितलं, पर्वरीला हायकोर्टात जाता येईल, पण वेळ आणि खर्च धरून चला. तेव्हा आईचं गुडघ्याचं ऑपरेशन तोंडावर होतं. गेलो नाही. ही माझी चूक, ती मी कबूल करते.

माझा वकील मित्र हे वाचून म्हणणारच की सरकारी वकील तुमचा वकील नसतो, तो राज्याचा असतो. बरोबर आहे. मग त्या राज्यात आम्ही राहत नाही का? राज्याच्या वतीने सही करताना राज्यातल्या एका म्हातारीला कळवावं, हे त्या कामात मोडत नाही का?

मागे अमेरिकेतल्या एपस्टीन प्रकरणाबद्दल वाचत होते, म्हणजे अल्पवयीन मुलींचं लैंगिक शोषण करणाऱ्या त्या श्रीमंत माणसाबद्दल. ते पाप फार मोठं, त्याची आणि आमची तुलनाच नाही. पण एका ठिकाणी मी थबकले. फ्लोरिडातल्या केंद्रीय सरकारी वकिलांनी सप्टेंबर 2007 मध्ये त्याच्याशी लेखी करार केला, की आम्ही तुझ्यावर खटला भरणार नाही. तीसहून अधिक मुली त्याच्या बळी होत्या, त्यातल्या एकीलाही सांगितलं नाही. उलट जानेवारी 2008 मध्ये त्यांतल्या काहींना पत्रं गेली की तपास चालू आहे, या गोष्टींना वेळ लागतो, धीर धरा. करार होऊन साडेतीन महिने झाले होते!

"थोडी कळ काढा." अगदी तेच.

तिथे 2004 पासून पीडितांच्या हक्कांचा स्वतंत्र कायदा आहे. त्या मुली त्याच्या जोरावर अकरा वर्षं लढल्या आणि 2019 मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं की सरकारी वकिलांनी कायदा मोडला. पण 2021 मध्ये वरच्या कोर्टाने म्हटलं की केंद्राकडून आरोपपत्रच दाखल झालं नव्हतं, तेव्हा या कायद्याखाली तुम्हाला असा दावा आणता येत नाही. म्हणजे आरोपपत्र दाखल न करण्याचा करार लपवायचा, आणि मग आरोपपत्र नाही म्हणून तुमचा हक्कही नाही. वाचून मी फोन उलटा ठेवला होता.

आपल्याकडे कागदावर तरी त्यांच्यापेक्षा बरं आहे. लखीमपूर खेरीत शेतकऱ्यांना गाडीखाली चिरडलं, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये आरोपीचा जामीन रद्द केला आणि सांगितलं की घटना घडल्यापासून पुढे प्रत्येक टप्प्यावर पीडिताला आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क आहे. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. तीत पोलिसांनी 90 दिवसांत तपासाची प्रगती पीडिताला कळवायची आहे, मोबाइलवर कळवलं तरी चालतं. सरकारला खटला मागे घ्यायचा असेल तर पीडिताचं ऐकल्याशिवाय कोर्टाने परवानगी द्यायची नाही, हेही आलं. चांगलं आहे, मी नावं ठेवत नाही. पण त्याच संहितेत प्ली बार्गेनिंगची घाईही आली आहे. आरोप निश्चित झाल्यापासून 30 दिवसांत अर्ज, पुढे 60 दिवसांत तडजोड. तीन महिन्यांत सगळं आटोपलं, तर जिच्या हातात नोटीसच पडली नाही त्या बाईने कधी जागं व्हायचं? मला तर स्कूटरने सांगितलं. तिच्या घरची स्कूटर पोलीस स्टेशनसमोर नसली तर?

कोर्टांवर भार आहे, मान्य. एकेका सरकारी वकिलाच्या टेबलावर किती फायली असतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय. खटला पूर्ण चालला असता तर साक्षीदार फुटले असते, मुलगा सुटलाही असता, हेही मान्य. ई-कोर्ट्सच्या ॲपवर घरबसल्या तारीख कळते म्हणाल, तर त्याला सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा स्वतःचा ओळखनंबर) लागतो, किंवा कोर्ट आणि केस नंबर. असा काही नंबर असतो हे मला कुणी सांगितलं होतं? गॅस सिलिंडर निघाला की मला मेसेज येतो. वीजबिलाचा येतो. भावाचा खटला संपला त्याचा नाही आला.

"पण तुम्हाला क्लेमचे पैसे मिळाले ना?" असंही आमच्याच एका नातेवाइकाने विचारलं होतं. मिळाले. विमा कंपनीने दिले. त्याचा याच्याशी काय संबंध?

मला तो मुलगा तुरुंगात सडायला हवा होता असं कुणी समजू नका. पहिल्या वर्षी हवा होता, खोटं कशाला बोलू. नंतर तो राग उतरला. पोरगं होतं, घाईत होतं, आयुष्यभर त्याच्याही मानेवर ते बसलेलं असणार. त्याने कबूल केलं, हे मला नक्कल वाचताना चांगलंच वाटलं. पण ते कुणासमोर? सरकारी वकिलासमोर, तपास अधिकाऱ्यासमोर, न्यायाधीशांसमोर. "माझी चूक झाली" हे तीन शब्द माझ्या आईच्या वाट्याचे होते. ती त्यासाठी चार वर्षं थांबली होती. पैसे नकोत, शिक्षा नको, तो काय म्हणतो ते मला एकदा ऐकायचंय, असं ती चवथीला माटोळी बांधताना दरवर्षी म्हणायची. ते शब्द एका खोलीत उच्चारले गेले आणि तिथेच विरले.

गेल्या वर्षी एका जत्रेत त्या मुलाचे वडील भेटले. त्यांनीच ओळखलं. मी बाजूला होणार तेवढ्यात हात जोडून म्हणाले, "तुमकां कळयलां अशें आमकां सांगिल्लें." (तुम्हाला कळवलंय असं आम्हाला सांगितलं होतं.) त्यांना वाटत होतं की आम्ही मुद्दामच आलो नाही, आम्हाला त्याचं तोंड बघायचं नाही म्हणून. ते मुलाला घेऊन आमच्या घरी यायला निघाले होते, आणि या समजुतीपायी मागे फिरले. मी त्यांना नोटिशीचं सांगितलं. ते खाली पायरीवर बसले. बराच वेळ आम्ही दोघं तिथेच होतो, फटाके वाजत होते म्हणून बोलताही येत नव्हतं.

दोन्ही बाजूंचं समाधान. कुणाचं झालं, मला दाखवा.

राग आता थोडा उतरलाय, तर कामाचं लिहिते. उद्या माहिती अधिकारात अर्ज देणार आहे, मराठीतून. प्ली बार्गेनिंगच्या किती प्रकरणांत पीडिताची नोटीस न बजावता परत आली आणि तरी बैठक झाली, एवढंच विचारणार आहे. आणि तुमच्या घरात, शेजारात, वाड्यावर अशी केस चालू असेल, अपघाताची, मारहाणीची, चोरीची, कसलीही, तर पोलीस स्टेशनला जाऊन तीन गोष्टी बघून घ्या: चार्जशीटवर पीडित म्हणून कुणाचं नाव आणि कुठला पत्ता आहे, केस कुठल्या कोर्टात आहे, आणि सीएनआर नंबर काय. माणूस गेलेला असेल तर वारसाचं नाव लेखी अर्ज देऊन नोंदवा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. एकटीने जायची भीती वाटत असेल तर मला मेसेज करा. शनिवारी शाळा लवकर सुटते, मी येईन सोबत.