सेन्सरी प्लेचा तो मजकूर पुढे पाठवण्याआधी

पालकांच्या ग्रुपवर एक मजकूर जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पहिल्या तीन वर्षांत रोज ठरवून सेन्सरी प्ले, म्हणजे स्पर्श, आवाज, रंग अशा संवेदनांचा खेळ, दिला नाही, तर मेंदूतल्या जोडण्या कायमच्या मरतात. त्यासाठी रंगीत सामानाने भरलेला ट्रे हवाच. वॉटर बीड्स बिनविषारी असल्यामुळे अगदी तान्ह्यांनाही चालतात. आणि ओल्या, चिकट वस्तूंना हात न लावणाऱ्या मुलाला सेन्सरी डिसऑर्डर (संवेदना हाताळण्यातला विकार) असतो, त्याचा हात धरून सवय लावावी.

वॉटर बीड्सचं वाक्य एखाद्या बाळाच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून सुरुवात तिथून करते.

हे मणी पाणी शोषून फुगणाऱ्या पॉलिमरचे असतात. कोरडा मणी टाचणीच्या डोक्याएवढा. काही तास पाण्यात राहिला की गोटीएवढा होतो, काही तर त्याहून मोठे. बाळाने तो गिळला की आतड्यात पाणी ओढत वाढत राहतो आणि आतडं तुंबवतो. कानात किंवा नाकात गेला तर तिथेही फुगतो. साध्या एक्स-रेमध्ये तो सहसा दिसत नाही. मूल उलट्या करतंय, पोट फुगलंय आणि कारण सापडत नाही, अशी वेळ त्यामुळेच येते. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या अंदाजानुसार 2016 ते 2022 या काळात तिथल्या रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत वॉटर बीड्समुळे सुमारे 7,800 वेळा उपचार करावे लागले. 2023 मध्ये तिथे दहा महिन्यांचं एक बाळ दगावलं. त्याच वर्षाअखेरीस अ‍ॅमेझॉन, वॉलमार्ट आणि टार्गेटने मुलांसाठी म्हणून विकले जाणारे मणी बंद करत असल्याचं जाहीर केलं.

मणी बिनविषारी आहे म्हणून आतडं तुंबायचं राहत नाही. ‘आम्ही समोर बसून खेळवतो’ हेही पुरेसं नाही. मणी उड्या मारत कपाटाखाली जातात आणि कधीतरी रांगणाऱ्या धाकट्याच्या हाती लागतात. लहान मूल असलेल्या घरात ते आणूच नका. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता रुग्णालयात जा, डॉक्टरांना वॉटर बीड्सचं नाव स्पष्ट सांगा, पाकीट सोबत न्या.

आता मेंदूच्या जोडण्या. लहानपणी त्या गरजेपेक्षा जास्त तयार होतात आणि न वापरलेल्या छाटल्या जातात, हे खरं आहे. पण ही छाटणी निरोगी वाढीचाच भाग आहे आणि ती किशोरवयापर्यंत चालते. तिसऱ्या वाढदिवसाला कुठलंही दार बंद होत नाही. ह्यूबेल आणि वीझल या मेंदूशास्त्रज्ञांना 1981 मध्ये नोबेल मिळालं, त्यांच्या प्रयोगांत मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा शिवून बंद ठेवला होता. डोळ्यापर्यंत दृश्यच पोचलं नाही तर मेंदूतली दृष्टीची रचना बिघडते, हे त्यातून कळलं. ट्रे न मिळालेल्या मुलाला हा निष्कर्ष लावता येत नाही. रुमानियाच्या अनाथालयांत वाढून विकासात मागे पडलेल्या मुलांवरचा अभ्यासही असाच वापरला जातो. त्या मुलांना कमी पडलं होतं ते उचलून घेणारं, बोलणारं, रोज तेच असणारं माणूस. ही तुलना करून थकलेल्या आईबापांना घाबरवणं मला अन्यायाचं वाटतं.

ट्रेबद्दल फार बोलायला नको. आवडत असेल तर जरूर करा. पण तोल आणि स्नायू-सांध्यांची जाणीव याही संवेदनाच आहेत. झोका, चढणं, भरलेली बादली ओढत नेणं यांतून त्या मिळतात, ट्रेपुढे बसून फारशा मिळत नाहीत.

शेवटचा दावा मुलांवर जबरदस्ती करायला लावतो. मूल ओल्या वाळूला एका बोटाचं टोक लावतं, लगेच बोट शर्टाला पुसतं, थोड्या वेळाने पुन्हा लावतं. ते आपल्या वेगाने ओळख करून घेतंय. तेवढ्यात त्याचा पंजा धरून वाळूत दाबला, तर उद्या ते जवळही येणार नाही. चमचा द्या, ब्रश द्या, हात धुवायला शेजारी पाणी ठेवा. सेन्सरी डिसऑर्डर हे 2013 च्या डीएसएम-5 या मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेत स्वतंत्र निदान नाही. मात्र आवाज, कपडे, खाणं, अंघोळ यांवरून रोजचा दिवस अडत असेल, किंवा बोलणं आणि प्रतिसाद मागे पडत असतील, तर बालविकासतज्ज्ञांना किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टना (रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञांना) दाखवा. नुसता चिकट हात नकोसा वाटणं हे त्यासाठी पुरेसं कारण नाही.