सुखोथाई ते बँकॉक ही सरळ रेष कुणी ओढली?

थायलंडच्या इतिहासाची एक ठरलेली साखळी आहे. सुखोथाई, मग अयुथया, मग थोनबुरी, मग बँकॉक. गाइड हीच म्हणून दाखवतात, माहितीपत्रकांत हीच असते आणि थाई शाळांत पिढ्यान्‌पिढ्या हीच घोकून घेतली गेली. १२३८ च्या सुमारास ख्मेर (म्हणजे कंबोडियाच्या) अंमलदारांना हुसकावून पहिलं राज्य, १३५१ ला दुसरं, १७६७ ला ब्रह्मी सैन्यानं त्याची राखरांगोळी केली, मग पंधरा वर्षं थोनबुरी, आणि १७८२ पासून आजपर्यंत चक्री घराणं. सालांबद्दल माझी फारशी तक्रार नाही. ती एकापाठोपाठ एक लावून जी गोष्ट तयार होते, ती मात्र मला पटत नाही.

त्याआधी आपल्याकडच्या फॉरवर्डचा निकाल लावतो. ‘थायलंड हे मूळचं हिंदू राष्ट्र, तिथले राजे अजून राम म्हणवतात’ वगैरे. अयुथयाचं नाव अयोध्येवरून आलं, हे खरं. बँकॉकच्या राजवाड्यात आजही ब्राह्मण पुरोहित आहेत, राज्याभिषेक आणि नांगरणीचा सोहळा त्यांच्याशिवाय होत नाही, हेही खरं. पण ‘पहिला राम, दुसरा राम’ हे आकडे विसाव्या शतकातल्या वजिरावुध राजानं लावले, तेही परदेशी लोकांना लांबलचक नावं झेपत नाहीत म्हणून. आणि प्रजा शतकानुशतकं थेरवादी बौद्ध आहे. एवढं पुरे.

आता मूळ मुद्दा. ताई भाषा (थाई, लाओ, शान या सगळ्या तिच्याच शाखा) बोलणारे लोक आजच्या दक्षिण चीनमधून, ग्वांगशी आणि उत्तर व्हिएतनामच्या पट्ट्यातून, हजारेक वर्षांपूर्वी हळूहळू खाली आणि पश्चिमेला पसरत गेले. खोऱ्याखोऱ्यानं, पाण्याच्या कडेनं, भातशेती करत. एक जात एक झेंडा घेऊन निघाली आणि आपला देश वसवला, असं काही घडलं नाही. शाळेत मात्र तेच शिकवलं गेलं. आधी अल्ताई पर्वत, मग चीनच्या युनान प्रांतातलं नानचाव राज्य, मग कुब्लाई खानाच्या भीतीनं पलायन आणि सुखोथाई! नानचावचे राज्यकर्ते ताई नव्हते, हे अभ्यासकांनी कधीच दाखवून दिलंय. पण ऐकायला छान असलेली गोष्ट सहजासहजी मरत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

याच लोकांची एक शाखा आपल्या देशात आली. १२२८ ला सुकाफा पाटकाई डोंगर ओलांडून ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात उतरला आणि त्याच्या आहोम वंशानं जवळपास सहाशे वर्षं राज्य केलं. मराठी माणसासाठी इथे एक मजेशीर धागा आहे. आग्र्याला शिवाजी महाराज ज्याच्या जामिनावर होते तो मिर्झाराजे जयसिंगांचा मुलगा रामसिंग आठवतो? महाराज निसटल्यावर औरंगजेबाची त्याच्यावर खप्पामर्जी झाली आणि पुढे त्याची रवानगी आसामच्या मोहिमेवर झाली. १६७१ ला सराईघाटला लाचित बरफुकननं त्याला पाणी पाजलं. लाचित ज्या गादीचा सेनापती होता ती गादी मूळची ताई. पुढे आहोमांनी असमिया भाषा घेतली, हिंदू धर्म घेतला, स्थानिकांत मिसळले. सयाममध्येही (थायलंडचं जुनं नाव) बरंचसं हेच झालं, फक्त तिथे ताई भाषा टिकली आणि बाकीचे तिच्यात विरघळले.

कारण ताई लोक आले तेव्हा ती भूमी काही ओसाड नव्हती. चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यात मोन लोकांची द्वारावती संस्कृती होती, पूर्वेला अंगकोरचं प्रचंड ख्मेर साम्राज्य. अंगकोर वाटच्या भिंतीवर बाराव्या शतकातली एक कोरीव मिरवणूक आहे, तिच्यात राजाच्या सैन्यातली एक सयामी तुकडी दिसते. सगळे शिस्तीत चालतायत आणि हे गबाळे, मागेपुढे बघत निघालेत. थाई लोकांच्या अगदी सुरुवातीच्या चित्रांपैकी हे एक, आणि ते शेजाऱ्यानं काढलेलं!

सुखोथाईला पहिला मान मिळाला त्याला मोठं कारण एक शिलालेख आहे. १२९२ चा, राजा रामखमहेंगचा. पाण्यात मासे आहेत, शेतात भात आहे, राजा व्यापारावर जकात घेत नाही, कुणाला गाऱ्हाणं असेल तर दारावरची घंटा वाजवावी, असं त्यात म्हटलंय. तो सापडला १८३३ ला, आणि सापडला कुणाला, तर भिक्षू असलेल्या राजपुत्र मोंगकुटला, जो पुढे राजा झाला. एकोणिसशे ऐंशीच्या दशकाअखेरीस काही अभ्यासकांनी तो बनावट असल्याचा दावा केला आणि गदारोळ उठला. बहुतेक जाणकार आज तो खरा मानतात, मलाही त्यांचंच म्हणणं पटतं. पण लेख खरा असला म्हणून सुखोथाई सगळ्या थाई लोकांची राजधानी ठरत नाही. त्याच वेळी उत्तरेत मंगराई राजा लान नाचं राज्य उभं करत होता. चियांग माय त्यानं १२९६ ला वसवलं. पंधराव्या शतकात हे लान ना अयुथयाशी बरोबरीनं लढत होतं. आणि अयुथया म्हणजे सुखोथाईचा वारसही नव्हे, तिनं १४३८ ला सुखोथाई गिळलं. तिचा दरबारी थाट तर बहुतांशी ख्मेरांचा. साखळीत लान नाला जागा नाही, कारण ते मावतच नाही.

मग या राज्यांचा खरा धागा कोणता? माझ्या मते माणसं. जमीन रगड होती, कसायला हात नव्हते. त्यामुळे राजाची श्रीमंती मोजायची ती त्याच्या ताब्यात किती डोकी आहेत यावरून. अयुथयात प्रत्येकाला त्याच्या दर्जाचा एक आकडा चिकटवलेला होता. भिकाऱ्याला आणि गुलामाला ५, साध्या रयतेला २५, बड्या मंत्र्याला १०,०००. साध्या पुरुषानं वर्षाचे सहा महिने राजाची वेठबिगार करायची. पुढे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तर पळून जाऊ नये म्हणून मनगटावर गोंदण आलं. आहोमांची पाइक नावाची वेठीची पद्धत याच जातीची.

म्हणून लढाई जिंकली की पहिलं काम माणसं हाकत नेण्याचं. १५६९ ला ब्रह्मदेशच्या बायिन्नाउंगनं अयुथया घेतली, हजारो लोक नेले. १७६७ ला पुन्हा तेच. राजघराण्यातले लोक, कारागीर, नर्तक. ब्रह्मदेशातलं रामायणाचं नाट्य या बंदिवान कलावंतांनी रुजवलं. अयुथया पडल्यावर राज्य सावरलं ताकसिननं, ज्याचा बाप चिनी होता. ‘शुद्ध थाई’ म्हणणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

सयामी काही कमी नव्हते. १७७९ ला त्यांनी लाओंची राजधानी व्हिएनतियान घेतलं, पाचूचा बुद्ध आणला (बँकॉकच्या राजवाड्यात आपण रांग लावून बघतो तोच) आणि हजारो लाओही आणले. बँकॉक वसवताना शहराभोवतीचा कालवा खणायला दहा हजार ख्मेर आणि तटाला पाच हजार लाओ जुंपल्याचं राजघराण्याच्या बखरीतच आहे. १८२६-२८ ला लाओ राजा अनुवोंग उठला, तेव्हा व्हिएनतियान बेचिराख केलं गेलं, राजाला पिंजऱ्यात घालून बँकॉकमध्ये लोकांना दाखवलं, आणि मेकाँगपलीकडची गावंच्या गावं अलीकडे आणली. आज थायलंडच्या ईशान्येकडे, इसानमध्ये, खुद्द लाओस देशापेक्षा कितीतरी जास्त लाओ वंशाचे लोक राहतात. थाई नकाशात ते ‘ईशान्येचे थाई’.

सीमा नावाची गोष्टच तेव्हा आजच्यासारखी नव्हती. छोटे राजे मोठ्याला दर काही वर्षांनी सोन्या-चांदीची झाडं नजराणा म्हणून पाठवत. कंबोडिया तर सयाम आणि व्हिएतनाम दोघांचाही मांडलिक. आपल्याकडे ज्याला दोअमली म्हणत, तसंच. हे युरोपियनांना कळेना, कारण त्यांना रेघ हवी होती.

आणि इथे येतो ‘आम्ही कधीच गुलाम झालो नाही’ हा अभिमान. इंग्रज ब्रह्मदेशात, फ्रेंच इंडोचीनमध्ये, मध्ये सयाम वाचला; १८९६ ला त्या दोघांनी चाओ फ्रायाच्या खोऱ्याला हात लावायचा नाही असं आपापसांत ठरवलं, त्याचाही यात मोठा वाटा. त्याआधी इंग्रजांशी झालेल्या १८५५ च्या करारात आयात जकात तीन टक्क्यांवर बांधून घेतली होती, ब्रिटिश प्रजेवर सयामी कोर्टाचा अधिकारही उरला नव्हता. १८९३ ला फ्रेंच गनबोटी बँकॉकपर्यंत आल्या आणि मेकाँगचा पूर्व किनारा गेला. चुलालाँगकोर्न राजा हुशार होता, यात वादच नाही. गुलामगिरी त्यानं टप्प्याटप्प्यानं बंद केली. पण तरुणपणी तो सिंगापूर, जावा आणि १८७२ ला आपल्याकडे, अगदी मुंबईपर्यंत, येऊन गेला, तो गोऱ्यांचा कारभार कसा चालतो हे पाहायला. पुढे बँकॉकहून अधिकारी नेमून, स्थानिक राजांना बाजूला सारून, कर थेट तिजोरीत आणायची पद्धत त्यानं लान ना, इसान आणि दक्षिणेच्या मलय मुस्लिम पट्टानीवर लावली. १९०२ च्या आसपास तिन्हीकडे भडका उडाला. उत्तरेत फ्रे इथे शान लोकांचा उठाव, ईशान्येत ‘पुण्यवान’ बाबांच्या मागे लागलेले शेतकरी, आणि पट्टानीचा सुलतान अब्दुल कादिर कैदेत. हे इंग्रजांनी केलं असतं तर त्याला आपण वसाहतवाद म्हटलं असतं. मी इथेही तोच शब्द वापरीन.

१९३९ ला पंतप्रधान फिबुनच्या सरकारनं देशाचं नाव सयामवरून थायलंड केलं. त्या सरकारातल्या लुआंग विचित वाथकान या लेखकानं नाटकं लिहून, गाणी रचून ‘महान थाई वंशा’ची गोष्ट घराघरांत पोचवली, आणि गमावलेल्या प्रदेशांचे नकाशे शाळांच्या भिंतींवर गेले. ज्या मांडलिकांवर कधी धड राज्य केलं नव्हतं, ते ‘आपले तोडलेले अवयव’ झाले. ती साखळी घट्ट झाली ती याच काळात. २०२५ च्या जुलैत थायलंड आणि कंबोडिया सीमेवरच्या ख्मेर देवळांपायी पाच दिवस लढले, लाखो लोक घर सोडून पळाले. त्या भांडणाचं मूळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या फ्रेंच नकाशांत आहे.

बँकॉकला जाणार असाल तर एक सुचवतो. पाचूचा बुद्ध पाहून बाहेर आलात की समोर संरक्षण मंत्रालय लागतं. त्याच्या अंगणात तोफांची रांग आहे, तिच्यातली सगळ्यात लांबलचक ती पट्टानीची. पट्टानीवर सोळाव्या-सतराव्या शतकात एकापाठोपाठ एक राण्या राज्य करत, त्यांची नावं हिरवी, निळी, जांभळी, पिवळी अशी रंगांवरून. ते राज्य सयामनं १७८५-८६ ला जिंकलं आणि तोफ उचलून आणली. पट्टानीचे लोक ती परत मागतात. २०१३ ला सरकारनं तिची प्रतिकृती करून तिकडच्या क्रुए से मशिदीजवळ बसवली, आणि थोड्याच दिवसांत तिच्यावर बाँब फुटला. नकली तोफ नको, आमची द्या, असं लोकांचं म्हणणं. अस्सल तोफ आजही बँकॉकमध्येच आहे.