प्रतिक्रियेला उत्तर : दही श्वसन करत नाही, खाडीचा चिखल करतो

सर, नमस्कार. विरजणावरच्या लेखाला तुम्ही इतकी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस लिहितो. तुमचे आक्षेप तीन. दह्यातले जंतू 'ऑक्सिजनशिवाय श्वास घेतात' हे माझं वाक्य चूक आहे, ते किण्वन (आंबवणं) करतात. मुळात ऑक्सिजनशिवाय श्वसन हाच वदतो व्याघात ('नाक दाबून श्वास घेऊन दाखवा!'). आणि उपकारी जिवांना 'जंतू' म्हणू नये.

तिसऱ्यावर वाद नाही, यापुढे जीवाणू लिहीन. पहिला आक्षेप पूर्ण मान्य, लेखातलं वाक्य बदललं आहे. फक्त माझा घोळ कुठे झाला ते सांगतो, कारण तो बऱ्याच जणांचा होतो.

जीवाणू साखर मोडतो तेव्हा तिच्यातले इलेक्ट्रॉन काढून एनएडी नावाच्या रेणूवर चढवतो. एनएडी म्हणजे गवळ्याची किटली समजा. किटल्या मोजक्याच असतात. भरलेली कुठेतरी ओतली नाही, तर पुढचं दूध घेणार कशात? दह्यातल्या जीवाणूकडे बाहेरचं गिऱ्हाईक, म्हणजे इलेक्ट्रॉन घेणारा पदार्थ, नसतं. मग तो साखर मोडून उरलेल्या पायरुव्हेटवरच किटली उपडी करतो आणि त्याचं लॅक्टिक आम्ल होतं. म्हणजे आपण ज्या आंबटपणासाठी वाटी चाटूनपुसून खातो, ते त्याचं सांडपाणी! एका ग्लुकोजमागे त्याला एटीपीचे (पेशीचं ऊर्जेचं चलन) जेमतेम २ रेणू मिळतात. तरी भागतं, कारण लिटरभर दुधात ५० ग्रॅमच्या आसपास साखर असते. तीही तो संपवत नाही, स्वतःच्याच आम्लाने आधी थबकतो.

हे झालं किण्वन. त्याला श्वसन म्हणणं चूकच. (एक गंमत : याच कुळातल्या लॅक्टोकॉकस लॅक्टिसला स्वतःला हीम (श्वसनाच्या यंत्रात लागणारा लोखंडयुक्त रेणू) बनवता येत नाही. बाहेरून हीम आणि हवा दिली, की तो ऑक्सिजन वापरून रीतसर श्वसन करू लागतो. यंत्र तयार असतं, एक सुटा भाग तेवढा नसतो.)

दुसरा आक्षेप मात्र मान्य नाही. 'श्वास' हा शब्द मी सैल वापरला, कबूल. पण पेशीचं श्वसन नाकावर ठरत नाही, इलेक्ट्रॉन शेवटी कोणाच्या पदरात पडतात त्यावर ठरतं. श्वसनात ते पेशीच्या पटलातून (पेशीभोवतीच्या पातळ पडद्यातून) पायरी-पायरीने उतरत बाहेरच्या एखाद्या पदार्थाकडे जातात. उतरताना सुटणाऱ्या ऊर्जेवर प्रोटॉन पटलाबाहेर ढकलले जातात. ते परत आत येताना एका चिमुकल्या चक्रातून येतात, चक्र फिरतं आणि एटीपी तयार होतं, धरणाच्या पाण्यावर वीज व्हावी तसं. ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी ही कल्पना १९६१ मध्ये मांडली तेव्हा फारसं कुणाला पटलं नव्हतं. १९७८ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. आता या सगळ्यात ऑक्सिजनच हवा असं कुठे आहे? तो सर्वांत चांगला भाव देणारं गिऱ्हाईक, इतकंच. तो नसेल तर नायट्रेट चालतं, ते नसेल तर गंजातलं लोखंड, तेही नसेल तर सल्फेट. भाव उतरत जातो, धंदा चालू राहतो.

सल्फेटवाले तुम्ही नाकाने ओळखाल. ओहोटीला खाडीच्या चिखलात पाय घातला की सडक्या अंड्यांचा भपकारा येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. सल्फेटने इलेक्ट्रॉन घेतले की हाच वायू होतो. लहानपणी खेकडे धरायच्या नादात मी चांदीची अंगठी बोटात ठेवून त्या चिखलात हात घातला होता. अंगठी काळीठिक्कर पडली आणि घरी बोलणी खावी लागली. चिखल मुळात काळा असतो तोही याच वायूमुळे, लोखंडाशी मिळून त्याचं सल्फाइड होतं. लिटरभर समुद्राच्या पाण्यात अडीच ग्रॅमहून जास्त सल्फेट असतं, त्यामुळे तिथे या मंडळींना तोटा नाही. ज्या हायड्रोजन आणि ॲसिटेटवर (व्हिनेगरच्या आम्लाचं रूप) मिथेनवाले, म्हणजे मिथेन वायू बनवणारे सूक्ष्मजीव, जगतात, ते सल्फेटवाले आधीच उचलून नेतात, म्हणून तिथे मिथेनवाल्यांचं फारसं चालत नाही.

गोड्या पाण्याच्या भातखाचरात सल्फेट थोडं असतं. तिथे चिखलणी झालेल्या वाफ्यात पाय रुतला की बुडबुडे येतात, त्यांना तो वास नसतो. तो मिथेन, गोबर गॅसच्या टाकीत होतो तोच. काही मिथेनवाले हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन कार्बन डायऑक्साइडला देतात, त्याला श्वसन म्हणायला माझी हरकत नाही. पण बराचसा मिथेन ॲसिटेटचे दोन तुकडे करून होतो. एकाच रेणूचा अर्धा भाग देणारा, अर्धा घेणारा, बाहेरचं गिऱ्हाईक कुणीच नाही. हे श्वसनात धरायचं की किण्वनाच्या शेजारी बसवायचं? इथे तुम्ही आक्षेप घेतलात, तर माझ्याकडे तयार उत्तर नाही.